बेण्यातून येणारा काळा चाबूक

उसाच्या शेंड्यातून कोवळा, हिरवा पोंगा निघायला हवा. त्याऐवजी कधी कधी एक लांब, बारीक पट्टा बाहेर येतो आणि चाबकासारखा वाकून लोंबू लागतो. सुरुवातीला त्यावर पातळ रुपेरी पापुद्रा असतो. पापुद्रा फाटला की आतली काजळीसारखी काळी भुकटी मोकळी होते आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर उडते. हा रोग म्हणजे चाबूक काणी. पट्टा वीतभर असू शकतो, तसाच माणसाच्या कमरेएवढाही. ज्या बेटातून तो निघतो त्या बेटाची कळा आधीच बदललेली असते. फुटवे वाजवीपेक्षा जास्त, पण काड्यांसारखे बारीक. पाने अरुंद आणि ताठ. कांड्या लांबट आणि हलक्या. दुरून पाहणाऱ्याला बेट हिरवेगार दिसते, कोयता लावल्यावर मात्र त्यातून गाळण्याजोगा ऊस फारसा निघत नाही.

काळी भुकटी म्हणजे स्पोरिसोरियम सायटॅमिनियम या बुरशीचे बीजाणू. जुन्या पुस्तकांत ही बुरशी अस्टिलागो सायटॅमिनिया या नावाने सापडते. २००२ मध्ये तिचे वर्गीकरण बदलले. जगात या रोगाची पहिली नोंद १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात झाली. आज ऊस पिकवणाऱ्या बहुतेक देशांत तो आहे. महाराष्ट्रात उसाच्या बुरशीजन्य रोगांची यादी बरीच मोठी आहे, तरी कृष्णाकाठच्या आणि नीराकाठच्या शेतकऱ्याला ‘रोग’ म्हटले की आधी काणीच आठवते, आणि ते योग्यच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्याला काणी हा शब्द उसाने शिकवला नाही. हा मुळात शाळूचा, बाजरीचा, कमी पावसाचा मुलूख. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी पूड भरलेली काणी इथल्या जुन्या माणसांनी पाहिलेली आहे, आणि तिच्यावरचा उपायही त्यांना पाठ आहे: किलोभर बियाण्याला चार-पाच ग्रॅम बारीक गंधक चोळायचे आणि पेरायचे. तो उपाय लागू पडतो, कारण ज्वारीच्या दाणेकाणीचे बीजाणू दाण्याच्या बाहेरच्या सालीला चिकटलेले असतात. उसाच्या काणीची बुरशी वेगळ्या जातीची आहे आणि तिचे वागणेही वेगळे. ती डोळ्याच्या आत शिरून बसते. वरून चोळलेली किंवा फवारलेली कोणतीही भुकटी तिथवर सहजी पोचत नाही. नाव एकच असल्यामुळे उपायही एकच असेल, या समजुतीने बरेच नुकसान होते.

बुरशी आत शिरते ती अशी. हवेतून आलेला बीजाणू उसाच्या डोळ्यावर बसतो. ओल मिळाली की तो रुजतो आणि त्यातून बारीक पेशी सुटतात. या पेशी दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारची एकटी पेशी रोग करू शकत नाही. दोन भिन्न प्रकारच्या पेशी एकत्र आल्या, की त्यांच्या संयोगातून निघालेला तंतू डोळ्याच्या खवल्यांखालून आत घुसतो आणि वाढीच्या कोंबापाशी जाऊन राहतो. ऊस वाढेल तसा तो कोंबाबरोबर वर सरकतो. या काळात बाहेरून काहीच दिसत नाही. लागणीनंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी कोंबाचे रूपांतर चाबकात होते, आणि तेव्हा कुठे शेतकऱ्याला पत्ता लागतो. एका चाबकातून दिवसाला कोट्यवधी बीजाणू बाहेर पडतात. ते शेजारच्या उभ्या उसाच्या डोळ्यांवर बसतात आणि तो ऊस पुढे बेणे म्हणून तोडला, तर रोग नव्या शेतात जातो. तोडताना त्या उसावर काणीची एकही खूण नसते.

साथ आटोक्यात आणण्याचे सगळे काम या एका गोष्टीभोवती फिरते. बेणे देणाऱ्याचा ऊस तोडणीच्या दिवशी चांगला दिसला, एवढे पुरत नाही. तो फड गेल्या उन्हाळ्यात कसा होता, त्यात चाबूक निघाले होते का, निघाले तर बेटे उपटली का, शेजारच्या खोडव्यात काय होते, हे विचारावे लागते. सोयरिकीत मुलाबरोबर घरही पाहतात, तसेच हे आहे. बेण्याच्या व्यवहारात हे क्वचितच विचारले जाते. दर, वाहतूक आणि पाण्याची पाळी या तीन गोष्टींवर सौदा होतो.

कडेगावला हे जास्त लागू होते, कारण इथला ऊस बराचसा नवा आहे. कृष्णा नदी तालुक्यातून जात नाही. तिचे पाणी उचलून आणावे लागले. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी ते येरळेच्या खोऱ्याकडे आणले. टेंभू हे कराड तालुक्यातले गाव, गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. आज त्याचे नाव पाटबंधाऱ्यामुळे जास्त घेतले जाते. पाणी आले तशी चिंचणी, वांगी, देवराष्ट्रे, अमरापूर या पट्ट्यात शाळूच्या जागी ऊस उभा राहिला आणि वांगीजवळ सोनहिरा सहकारी साखर कारखाना गाळप करू लागला. जिथे ऊस पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे तिथे निदान बेणे घरचे असते. नव्या पट्ट्यात पहिली लागण बाहेरच्या बेण्यावरच होते, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कांड्यांबरोबर त्यांच्या डोळ्यांतला रोगही येतो. वारा काणी पसरवतो हे खरे. पण वाऱ्याने येणारी काणी शेजारच्या बांधावरून येते, बेण्याने येणारी तालुका ओलांडून येते.

उपशाच्या पाण्यावरच्या उसाला आणखी एक अडचण असते. आवर्तन लांबले की एप्रिल-मे महिन्यांत पीक ताणात जाते. उष्ण, कोरडी हवा काणीला मानवते; चाबूक जास्त निघतात ते याच दिवसांत, आणि पुन्हा काही प्रमाणात पावसाळा सरल्यावर. जमिनीवर पडलेले बीजाणू ओल्या मातीत काही आठवड्यांत मरतात, कोरड्या मातीत कितीतरी महिने टिकतात. त्यामुळे ओलिताखालचा भरघोस फड आणि पाण्याची वाट पाहणारा सुकलेला फड यांत काणीचे प्रमाण सारखे राहत नाही. त्यातच सातारा-सांगलीत ऊस बारमाही उभा असतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत, आणि या सगळ्यांमध्ये खोडवे. एका फडाचे चाबूक फुटतात तेव्हा दुसऱ्याचे डोळे कोवळे असतात. बुरशीला उपाशी राहण्याची वेळच येत नाही.

महाराष्ट्राने काणीचा मोठा धडा को ७४० या जातीपासून घेतला. दख्खनमध्ये पूर्वी पुंड्या हा जाड, रसाळ, पण नाजूक ऊस होता. कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झाले आणि तिथल्या संकरित जाती देशभर गेल्या. ‘को’ हे अक्षर कोइमतूरचेच. त्यातल्या को ४१९ ने पुंड्याला मागे टाकले. पुढे पन्नाशीच्या दशकात को ७४० आली. तिचे उत्पन्न चांगले, खोडवा चांगला आणि ती या हवेत रमली, म्हणून राज्यातल्या उसाच्या क्षेत्राचा फार मोठा भाग तिने व्यापला. एवढ्या क्षेत्रावर एकच जात, वर्षानुवर्षे त्याच त्या फडातले बेणे आणि खोडव्यावर खोडवा. काणीने ही संधी सोडली नाही. को ७४० काणीला बळी पडू लागली, तिचे खोडवे विरळ होत गेले आणि अखेर ती मागे पडली. जात जुनी झाली, तिचा कस गेला, असे शेतकरी म्हणत. त्या बोलण्यात तथ्य होते, पण जातीपेक्षा तिचे बेणे जुने झाले होते. बेण्यात साठत गेलेल्या रोगांना शेतकरी ‘कस जाणे’ म्हणतो.

को ७४० च्या जागी पुढे कोसी ६७१ आणि नंतर को ८६०३२ आल्या. कोसी ६७१ लवकर पक्व होणारी आणि साखरेला उत्तम, म्हणून कारखान्यांची लाडकी. को ८६०३२ महाराष्ट्रात १९९६ मध्ये ‘नीरा’ या नावाने प्रसारित झाली आणि कित्येक वर्षे राज्यात सर्वांत जास्त क्षेत्र तिच्याखाली राहिले. कोएम ०२६५ म्हणजे फुले २६५ ही जात २००७ मध्ये आली. क्षारपड जमिनीतही ती तग धरते, त्यामुळे कृष्णाकाठच्या बिघडलेल्या रानांत तिला जागा मिळाली. या जाती शेतकऱ्यापर्यंत येण्याआधी ज्या चाळणीतून जातात, तिचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच आहे. फलटण तालुक्यात नीरेकाठी पाडेगाव इथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाते. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही साखर कारखान्यांची स्वतःची संस्था १९७५ पासून काम करते.

काणीची परीक्षा सांगायला सोपी, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने जरा विचित्र असते. संशोधक मुद्दाम रोग देतात. काणीचे बीजाणू पाण्यात कालवून त्यात नव्या जातीच्या टिपऱ्या भिजवतात, लावतात आणि किती बेटांत चाबूक निघतो ते मोजतात. एकाही बेटाला काणी झाली नाही, तर जात प्रतिकारक ठरते. शंभरात दहा बेटांपर्यंत झाली तर मध्यम प्रतिकारक. तीसच्या वर गेली तर अतिशय संवेदनक्षम. मधल्या पायऱ्याही आहेत. एखाद्या जातीबद्दल ‘काणीला मध्यम प्रतिकारक’ असे छापलेले वाचताना हे ध्यानात घ्यायला हवे. त्याचा अर्थ काणी येणार नाही असा होत नाही. कडक परीक्षेतही तिच्यात थोडी काणी दिसली होती, एवढाच त्याचा अर्थ. अशा जातीचे बेणे दहा वर्षे न बदलता वापरले तर ती थोडी काणी वाढत जाते, आणि को ८६०३२ च्या जुन्या खोडव्यांत आज चाबूक दिसतात ते यामुळेच.

प्रतिकारक जात हा काणीवरचा सर्वांत स्वस्त उपाय, पण जात बदलायला वेळ लागतो. उसाची वाढ दाण्यांनी होत नाही, कांड्यांनी होते. नेहमीच्या पद्धतीने एक हेक्टर बेण्यातून पुढल्या वर्षी आठ-दहा हेक्टरांची लागण होते. समजा, एखाद्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात दहा हजार हेक्टर ऊस आहे आणि नव्या जातीचे एकच हेक्टर हाती आहे. तर दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा चार पायऱ्या चढाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला जवळजवळ एक वर्ष. साथ शिगेला पोचल्यावर जात बदलायचा विचार सुरू केला, तर ही चार वर्षे साथीच्या पदरात पडतात. एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये वाढवून लावली तर तेवढ्याच बेण्यात कितीतरी पट क्षेत्र लागते आणि हा काळ बराच कमी होतो. मात्र रोपवाटिका ही दुधारी गोष्ट आहे. स्वच्छ मळ्यातल्या डोळ्यांवर चालली तर तिच्याइतका चांगला मार्ग नाही. काणीच्या फडातून डोळे आणले, तर एकच रोपवाटिका एका हंगामात शेकडो एकरांत रोग पोचवू शकते. रोप हिरवे, टवटवीत असते आणि महिन्याच्या आतबाहेर विकले जाते. चाबूक निघतो तोवर रोपवाटिकेचा ट्रे परत गेलेला असतो.

म्हणून तीनस्तरीय बेणे मळ्याची पद्धत आहे. पहिल्या पायरीवर संशोधन केंद्रातले मूलभूत बेणे, ज्यावर उष्ण प्रक्रिया झालेली असते किंवा जे ऊतिसंवर्धित रोपांपासून तयार केलेले असते. त्यापासून कारखान्याच्या किंवा निवडक शेतकऱ्यांच्या रानात पायाभूत बेणे. त्यापासून गावोगावी प्रमाणित बेणे. शेतकऱ्याने दर तीन-चार वर्षांनी या साखळीतून बेणे बदलायचे. बेणे दहा-अकरा महिन्यांचे, लागणीच्या उसाचे घ्यायचे. खोडव्याचे कधीच नाही.

उष्ण प्रक्रिया हा या साखळीचा कणा आहे आणि तिच्यातली गंमत तापमानात आहे. उसाचा डोळा आणि त्यात लपलेली बुरशी यांच्या उष्णता सोसण्याच्या ताकदीत अगदी थोडा फरक असतो. त्या फटीत नेमके बोट घालायचे. बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास देतात. गरम पाण्याची ५० अंशांना दोन तास. तापमान दोन-तीन अंशांनी चढले तर डोळे शिजतात आणि उगवण कोसळते. उतरले तर बुरशी जिवंत राहते आणि शेतकरी मात्र प्रक्रिया केलेले बेणे म्हणून निर्धास्त होतो. यंत्राच्या एका कोपऱ्यात हवा कमी तापते, कांड्या दाटीने भरल्या तर मधल्या कांड्यांना ऊब पोचत नाही. यंत्र असणे वेगळे आणि ते नीट चालवणे वेगळे. या उष्णतेने गवताळ वाढीसारखे रोगही आटोक्यात येतात, हा वरचा लाभ. मात्र प्रक्रिया आतली बुरशी मारते, पुढे संरक्षण देत नाही. तो मळा काणीच्या खोडव्याशेजारी लावला तर दोन-तीन महिन्यांत सगळी मेहनत वाया जाते.

सामान्य शेतकऱ्याला घरी करता येते ती रासायनिक बेणेप्रक्रिया. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून त्यात टिपऱ्या दहा-पंधरा मिनिटे बुडवायच्या. सालीवर व डोळ्यावर बसलेले बीजाणू आणि टिपरी कुजवणाऱ्या जमिनीतल्या बुरश्या यांना तिने आळा बसतो. आत खोल शिरलेल्या काणीवर तिची मात्रा फारशी चालत नाही. ती करावीच, पण तिच्या भरवशावर रोगट बेणे वापरू नये.

रानात काणी दिसल्यावरचे काम हातांचे आहे, आणि ते करण्याची एक रीत आहे. चाबूक दिसला की लोक तो हाताने मोडून बांधावर टाकतात. यापेक्षा वाईट काही करता येणार नाही, कारण मोडताना बसणाऱ्या झटक्याने लाखो बीजाणू उडतात, आणि खालचे बेट रोगट असल्याने काही दिवसांत दुसरा चाबूक निघतो. नीट रीत अशी: सकाळी दवाच्या वेळी, भुकटी ओलसर असताना, चाबकावर प्लॅस्टिकची किंवा पोत्याची पिशवी हळूच चढवायची, पिशवीसकट तो कापायचा, मग अख्खे बेट मुळासकट खणून काढायचे आणि फडाबाहेर नेऊन जाळायचे किंवा खोल पुरायचे. त्याचे वाढे जनावरांना वैरण म्हणून गावभर न्यायचे नाही. पापुद्रा फुटण्याआधी, चाबूक रुपेरी असतानाच तो काढला तर निम्मे काम तिथेच होते. लागण दोन महिन्यांची झाली की दर आठ-पंधरा दिवसांनी फेरी मारावी लागते, आणि ऊस डोक्याच्या वर गेला की फेरी मारणेच अवघड होते. आडसाली उसात तर आत शिरायलाही वाट राहत नाही. त्यामुळे पहिल्या चार-पाच महिन्यांत जे होईल तेच खरे. एकट्याने हे केले तर अर्धाच उपयोग होतो, शेजारच्या बांधावर चाबूक डोलत असतील तर बीजाणू हद्द मानत नाहीत.

खोडव्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. खोडवा म्हणजे बिनबेण्याचा, बिननांगरटीचा ऊस. कमी खर्चात हाती येणारे पीक. पण लागणीच्या बुंध्यात बुरशी असेल तर तोडणीनंतर फुटणाऱ्या प्रत्येक कोंबात ती असते. लागणीत तुरळक दिसलेली काणी खोडव्यात ठळक होते आणि निडव्यात, म्हणजे दुसऱ्या खोडव्यात, फड विरळ पडतो. लागणीत काणीचे प्रमाण जास्त असेल तर खोडवा ठेवू नये, हा सल्ला सगळेच देतात, आणि तोच सर्वांत कमी पाळला जातो. कारण सरळ आहे: खोडवा मोडण्याचा तोटा आजचा आणि स्वतःचा, ठेवण्याचा तोटा उद्याचा आणि सगळ्यांचा. खोडवा मोडल्यावर तिथे लगेच ऊस न लावता सोयाबीन, हरभरा, गहू असे एखादे पीक घेतले तर जमिनीतले बीजाणू आणि उरलेले कोंब दोन्ही संपतात.

तोटा सगळ्यांचा कसा, हे साखर कारखान्याच्या हिशेबातून कळते. काणीचा ऊस बारीक, तंतुमय आणि रसाला हलका. त्यातून साखर कमी निघते. केंद्र सरकार उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, ठरवते ती साखर उताऱ्याशी बांधलेली आहे. अलीकडच्या हंगामांत तिचा पाया १०.२५ टक्के उतारा असा धरला आहे आणि त्याच्या वरच्या प्रत्येक दशांशाला जादा दर मिळतो. हा उतारा एकेका शेतकऱ्याचा वेगळा मोजत नाहीत, अख्ख्या कारखान्याची सरासरी काढतात. म्हणजे काणीने भरलेला एक खोडवा गव्हाणीत पडला, तर त्याचा थोडा भार निरोगी उसाच्या मालकावरही येतो. साथ नियंत्रणाची जबाबदारी कारखान्याच्या शेतकी विभागाकडे यावी ती याचसाठी, आणि त्यासाठी लागणारी माहिती त्यांच्याकडे असतेच. लागणीची नोंद घेताना कोणाच्या कोणत्या गटात, कोणत्या तारखेला, कोणत्या जातीचा ऊस आहे हे लिहिले जाते. त्याच नोंदीत बेणे कुठून आणले आणि काणी दिसली का, हे दोन रकाने जोडले तर साथ कोणत्या मळ्यातून निघाली हे मागे जाऊन शोधता येते. पुढच्या वर्षी त्या फडातले बेणे विकू न देणे हे फवारणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

अशा शोधाची आणि तयारीची किंमत काय असते, हे ऑस्ट्रेलियात दिसले. तिथे काणी नव्हती. १९९८ मध्ये ती देशाच्या वायव्येला ऑर्ड नदीच्या खोऱ्यात सापडली आणि जून २००६ मध्ये मुख्य ऊस पट्ट्यात, क्वीन्सलंडमधल्या चिल्डर्स गावाजवळ. आधी रोगट शेते वेगळी काढून रोग समूळ संपवण्याचा प्रयत्न झाला. पण त्याच वर्षी तो शेकडो किलोमीटर उत्तरेला आणखी दोन ठिकाणी सापडल्यावर तो नाद सोडून प्रतिकारक जातींकडे वळावे लागले. त्यांचे नशीब असे, की ही वेळ येणार हे ओळखून संशोधकांनी आपल्या जाती आधीच इंडोनेशियात नेऊन काणीसमोर उभ्या करून पाहिल्या होत्या. तेव्हाच कळले होते की लागवडीखालच्या बहुतेक जाती काणीला टिकणार नाहीत. संकट आले तेव्हा कोणत्या जाती सोडायच्या आणि कोणत्या धरायच्या, याची यादी तयार होती.

घरच्या बाजूचे उदाहरण उत्तर प्रदेशाचे आहे, आणि तिथला रोग काणी नव्हे, तांबडी कूज. को ०२३८ या जातीने त्या राज्यात साखरेचे चित्र बदलले. एका काळी तिथल्या ८० टक्क्यांहून अधिक उसावर तीच होती. मग तांबड्या कुजीने तिला गाठले आणि एवढ्या मोठ्या क्षेत्रावरची जात बदलण्याची पाळी आली. को ७४० ची कथा दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या बुरशीकडून पुन्हा लिहिली गेली. महाराष्ट्रात तांबडी कूज आजवर तितकी माजलेली नाही. म्हणूनच उत्तरेकडून बेणे आणण्याचा मोह टाळायला हवा.

सातारा-सांगलीत काणीखालोखाल ज्या बुरश्या त्रास देतात त्यांची चाल निराळी आहे. तांबेरा आणि पानांवरचे तपकिरी ठिपके हे हवेतून येणारे, ओलसर दिवसांचे रोग. कृष्णा-कोयनेच्या काठी, जास्त पावसाच्या आणि दाट उसाच्या रानांत ते जास्त दिसतात. कडेगावच्या कोरड्या माळावर तुलनेने कमी. तांबेऱ्यात पानाच्या खालच्या बाजूला बारीक, उंचवट्याचे फोड येतात आणि बोट फिरवले की विटकरी पूड लागते. दख्खनच्या कालव्यांवर १९५० च्या सुमारास तांबेऱ्याने को ४७५ ही जात निकामी केली होती. क्यूबात १९७९-८० मध्ये बी ४३६२ या एका जातीवर तांबेरा पडला आणि देशाच्या साखर उत्पादनाला मोठा फटका बसला. या रोगांवर फवारणी चालते: लिटरला तीन ग्रॅम मॅन्कोझेब किंवा एक मिलिलिटर प्रोपिकोनॅझोल, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने. अडचण औषधाची नसते, दहा फूट उसात फवारणार कसे याची असते, म्हणून काही ठिकाणी ड्रोनचा वापर सुरू झाला आहे. नत्राची मात्रा आवरणे, खालची पाने काढून फड मोकळा ठेवणे आणि सरीतले पाणी निचरणे, एवढ्यानेही तांबेरा बराच कमी होतो.

तिसरा रोग पोक्का बोंग. फ्युजॅरियम बुरशीमुळे पावसाळ्यात पोंग्याची पाने बुडाशी पिवळी-पांढरी पडतात, सुरकुततात, एकमेकांत अडकून वेणीसारखी पिळली जातात. जास्त झाले तर शेंडा कुजतो. हे विचित्र नाव जावा बेटावरून आले, तिथे हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखला गेला. पाऊस उघडला की बहुतेक ऊस आपोआप सावरतो, त्यामुळे पोंगा पिळलेला पाहून घाबरून सगळा फड औषधाने भिजवण्याची गरज नसते; शेंडा कुजू लागला तरच कार्बेन्डाझिम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी करावी. काणीचा फसवेपणा त्याच्यात नाही. पोक्का बोंगने वेडावाकडा झालेला पोंगा आणि कोवळा, अजून न फुटलेला चाबूक यांत नवख्याची गल्लत होते खरी, पण आठवडाभर थांबले की फरक स्पष्ट होतो: एकातून पुढे पान निघते, दुसऱ्यातून काळी भुकटी.

पाडेगाव, मांजरी, कोइमतूर इथल्या पैदासकारांना हे सगळे रोग एकाच वेळी डोळ्यासमोर ठेवावे लागतात. काणीला टिकणारी जात तांबेऱ्याला बळी पडते, दोन्हींना टिकणारी साखरेला कमी निघते, साखरेला चांगली असलेली खोडव्यात मागे पडते. हजारो रोपांतून एखादी जात निवडून शेतकऱ्याच्या हाती यायला दहा-बारा वर्षे लागतात. ती आल्यावर तिचे पहिले बेणे कोणत्या मळ्यातून निघते आणि शेजारच्या खोडव्यात चाबूक आहेत की नाहीत, यावर पुढची दहा वर्षे अवलंबून असतात.